मुलाखत दोन्ही बाजूंनी: मेंटेनन्स इंजिनिअरच्या एका जागेसाठी

मुलाखत संपता संपता "तुम्हाला काही विचारायचंय का?" असं विचारलं की ती दोन्ही बाजूंची झाली, असा एक समज आहे. समोरून "नाही सर" असं उत्तर येतं आणि सगळे उठतात. चाळीस मिनिटं नुसती उत्तरं देत बसलेल्या माणसाला एकेचाळिसाव्या मिनिटाला प्रश्न सुचत नाहीत. सुचले तरी पगार, सुट्ट्या, रात्रीचे फोन असले विषय काढले तर आपल्याविषयी मत वाईट होईल ही धास्ती असते. मग तो रुजू होतो, आणि दिवाळीच्या शटडाऊनमध्ये मेंटेनन्सला सुट्टी नसते हे त्याला दिवाळीच्या आठवडाभर आधी कळतं.

उदाहरणासाठी इथे एक जागा धरली आहे. भोसरी-चाकण पट्ट्यातला, दीड-दोनशे माणसांचा, गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना. पद मेंटेनन्स इंजिनिअरचं, अनुभव तीन ते पाच वर्षं. अशा ठिकाणी मुलाखत घेतो तो मेंटेनन्स मॅनेजर किंवा प्लँट हेड, आणि त्याला मुलाखत कशी घ्यायची हे कुणी शिकवलेलं नसतं. हे लिखाण मुख्यतः त्याच्यासाठी आहे. समोरच्या खुर्चीत बसणाऱ्यासाठीही पुढे थोडं आहेच.

दोन दिवस आधी जायचं ते पान

देवाणघेवाण मुलाखतीच्या खोलीत सुरू होत नाही. दोन दिवस आधी व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा मेलवर एक पान पाठवा. त्यात हे हवं:

- पॅनेलवर कोण कोण आहे, त्यांचं पद, आणि हा माणूस रुजू झाल्यावर त्यातल्या कुणाच्या हाताखाली काम करणार.
- एकूण वेळ दीड तास. त्यात ठरलेले चार प्रश्न, एका जुन्या ब्रेकडाऊनवर मिळून काम, शॉप फ्लोअरवर फेरी आणि उमेदवाराच्या प्रश्नांसाठी राखलेला वेळ.
- पगाराची रेंज, शिफ्ट कोणत्या आणि किती दिवसांनी बदलतात, साप्ताहिक सुट्टी, कंपनीची बस कुठून कुठवर.
- जागा का रिकामी झाली. नवीन लाइन लागली म्हणून, की आधीचा माणूस सोडून गेला म्हणून.
- गेटवर फोटोचं ओळखपत्र लागेल, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, सेफ्टी शूज आम्ही देऊ, पायाचा नंबर कळवा.

बुटाचा नंबर विचारायला विसरू नका. सात नंबरच्या पायात दहाचा बूट घालून फ्लोअरवर फिरणारा माणूस प्रश्न विचारत नाही, पाय सांभाळत चालतो.

पगाराची रेंज आधी सांगायला बऱ्याच कंपन्या कचरतात. "एक्सपेक्टेशन किती?" म्हणून विचारायचं, समोरचा कमी बोलला तर तेवढ्यावर मिटवायचं, हा जुना हिशेब. त्यातून वाचलेले पैसे फार टिकत नाहीत, कारण शेजारच्या टेबलावरच्याला किती मिळतो हे कँटीनमध्ये महिनाभरात कळतं.

दिवस ठरवतानाही थोडा विचार लागतो. पिंपरी-चिंचवड पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. उमेदवार गुरुवारी मोकळा असेल असं वाटतं, पण मेंटेनन्सवाल्याचा तोच कामाचा दिवस: लाइन बंद, म्हणून मोठी कामं त्याच दिवशी काढलेली. तेव्हा त्याला मुलाखतीसाठी दोन-तीन वेगवेगळ्या वेळा सुचवा, त्यात एक संध्याकाळी सहानंतरची असू द्या. नोकरीत असलेल्या माणसाला आजारी असल्याचं खोटं सांगून यायला लावायचं आणि आत आल्यावर त्याचा प्रामाणिकपणा तपासायचा, यात काही अर्थ नाही.

खोलीत शिरल्यावरची पाच मिनिटं

पॅनेल दोघांचं पुरे. एक ज्याच्या हाताखाली काम करायचं तो, दुसरा प्रॉडक्शनकडचा, कारण मेंटेनन्सचं खरं गिऱ्हाईक तोच. टेबलापलीकडे ओळीने पाच जण आणि अलीकडे एकटा उमेदवार अशी मांडणी असेल तर पुढचं सगळं वाया जातं. टेबलाच्या कोपऱ्याला काटकोनात बसा, मधे कागद ठेवता येतील असं. बायोडेटा आधी वाचून या. समोर माणूस बसवून त्याचा बायोडेटा पहिल्यांदा चाळणं त्याला लगेच कळतं.

भाषेचं पहिल्याच मिनिटाला मोकळं करा: "मराठी, हिंदी, इंग्रजी, जी सोयीची वाटेल ती, मधे बदलली तरी चालेल." मराठी माध्यमातून डिप्लोमाला गेलेला मुलगा पंपाचं काम बारकाईने जाणतो, पण तेच इंग्रजीत सांगताना तीन शब्दांत आटोपतो, आणि त्याला काही येत नाही असा शेरा पडतो. कामात इंग्रजी लागत असेल तर नेमकं किती ते ठरवा. बहुतेक वेळा मशीनच्या कंपनीला ब्रेकडाऊन कळवणारी पाच ओळींची मेल लिहिता आली की भागतं. मग तीच लिहून घ्या, दहा मिनिटं द्या, आणि बाकीच्या गुणांत इंग्रजी मिसळू नका.

ओळख म्हणून "आपण मूळचे कुठले?" हा प्रश्न आपल्याकडे सहज येतो. आडनावावरून गाव, गावावरून पुढे आणखी काही. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसेलही. ऐकणारा मात्र तेवढ्यात सावध होऊन बसतो. वडील काय करतात, लग्न झालं का, मुलांचा काय विचार, स्वतःचं घर आहे की भाड्याचं, यातलं काहीही या कामाला लागत नाही. लागतं ते सरळ विचारा, आणि पुरुष असो वा बाई, सगळ्यांना त्याच शब्दांत विचारा: "तीन आठवड्यांतून एक आठवडा रात्रपाळी येते, रात्री घरी सोडायला गाडी असते. जमेल का?"

आधी आपण सांगायचं, तेही कडू आधी

पुढची दहा मिनिटं कंपनीची. पण कंपनीची स्थापना आणि टर्नओव्हर सांगू नका, ते वेबसाइटवर आहे. या कामाचा खरा आठवडा सांगा. या जागेसाठी साधारण असं:

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी महिन्यातून दोनदा यावं लागतं, त्याबदली कॉम्प-ऑफ (बदली सुट्टी) मिळतो, आणि तो महिनाभरात घेता येतोच असं नाही. दिवाळीचं शटडाऊन म्हणजे आपली ओव्हरहॉलिंगची वेळ. पाडव्याला आणि भाऊबीजेला आळीपाळीने सोडतो. मागच्या महिन्यात रात्री अकरानंतर मेंटेनन्सला चार फोन गेले. दोन प्रेस जुन्या आहेत, त्यांचे स्पेअर बाजारात मिळत नाहीत, करून घ्यावे लागतात. दहा हजारांवरच्या खरेदीला प्लँट हेडची सही लागते. मग चांगली बाजू: नवीन सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या) मशीनवरचं प्रशिक्षण, प्रॉडक्शनशी संबंध कसे आहेत, बढती कुणाला किती वर्षांत मिळाली.

आकडे तुमच्या कारखान्याचे घाला, पण घाला. "कधीकधी थांबावं लागतं" या वाक्यातून ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही.

एवढं सांगितलं तर चांगली माणसं पळून जातील, ही भीती बोलून दाखवली जाते. अमेरिकेत जॉन वानस यांनी १९७३ साली टेलिफोन ऑपरेटरांच्या भरतीवर केलेला अभ्यास या बाबतीत प्रसिद्ध आहे. काही उमेदवारांना नेहमीची गोडगोड फिल्म दाखवली, काहींना कामाची कंटाळवाणी बाजूही असलेली. खरी बाजू पाहिलेल्यांनी नोकरी नाकारली असं काही झालं नाही. त्यांच्या अपेक्षा मात्र वास्तवाला धरून राहिल्या आणि रुजू झाल्यावर सोडून जाण्याचे विचार कमी आले. मेंटेनन्समध्ये तर चार वर्षं काढलेल्या माणसाला हे सगळं ठाऊकच असतं. तुम्ही लपवलंत तर लपवताय एवढंच त्याला कळतं.

चार प्रश्न, सगळ्यांना तेच

इथे एक घोळ हमखास होतो. मुलाखत संवादासारखी करायची म्हणून लोक प्रश्नच काढून टाकतात आणि तासभर गप्पा मारतात. गप्पा छान रंगतात, आणि निवडला जातो तो आपल्यासारखा बोलणारा. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली निवडीच्या पद्धतींवरचे जुने अभ्यास पुन्हा तपासले, तेव्हा सगळ्यांना तेच प्रश्न विचारून ठरलेल्या मापाने गुण देणारी मुलाखत यादीत सर्वांत वर निघाली आणि मोकळ्या गप्पांची बरीच खाली. म्हणून सांगाडा ठेवायचा आणि त्याच्या आत देवाणघेवाण करायची.

चार प्रश्न पुरे, वीस मिनिटांत बसतात. "तुमच्या स्ट्रेंथ आणि वीकनेस सांगा" याला सगळे पाठ केलेलं उत्तर देतात. त्याऐवजी घडलेलं विचारा: "गेल्या वर्षभरात तुमच्या शिफ्टला सगळ्यात जास्त वेळ बंद राहिलेली मशीन कुठली? पहिल्या अर्ध्या तासात तुम्ही काय काय केलंत?" दुसरा प्रश्न प्रॉडक्शन सुपरवायझरशी झालेल्या वादाचा, तिसरा पुन्हापुन्हा येणाऱ्या एकाच बिघाडाचा, चौथा शिफ्ट हँडओव्हरचा: पुढच्या माणसासाठी लॉगबुकात नेमकं काय लिहून ठेवता.

प्रत्येक प्रश्नाखाली एक, तीन आणि पाच गुणांचं उत्तर कसं असेल ते मुलाखतीआधीच लिहून ठेवा. हँडओव्हरचं घ्या. "तोंडी सांगून जातो" याला एक. काय बिघडलं आणि काय केलं हे लिहितो, याला तीन. काय अर्धवट राहिलं, तात्पुरता जुगाड कुठे केलाय, कुठला स्पेअर मागवलाय आणि कधी येणार हेही लिहितो, याला पाच.

आता यातली देवाणघेवाण. त्याचं उत्तर झालं की तुमच्याकडे तेच कसं होतं ते दोन वाक्यांत सांगा: "आमच्याकडे लॉगबुक आहे, पण तिसऱ्या शिफ्टचं पान बहुतेक कोरं असतं." क्रम मात्र पाळायचा. आधी त्याचं, मग तुमचं. तुम्ही आधी बोललात तर पुढची पाच मिनिटं तुमचंच बोलणं तुम्हाला परत ऐकू येतं, आणि त्याला तुम्ही चांगले गुण देता.

मिळून एक बिघाड शोधणं

सगळ्यात जास्त माहिती इथे मिळते, दोघांनाही. वीस-पंचवीस मिनिटं ठेवा.

बिघाड तुमच्याकडे खरोखर झालेला आणि सुटलेला निवडा. आज अडलेला प्रश्न उमेदवारापुढे टाकायचा नाही. तो फुकटचा सल्ला ठरतो, उमेदवारांना ते बरोबर कळतं, आणि बाहेर बोललंही जातं. शिवाय उत्तर तुम्हालाच माहीत नसेल तर गुण कशाला देणार? कागदावरून ग्राहकाचं नाव आणि पार्ट नंबर काढून टाका.

समजा, दीडशे टनांची हायड्रॉलिक प्रेस आहे. उमेदवाराला पहिल्या कागदावर एवढंच द्या: सकाळी आठला मशीन व्यवस्थित चालते. साडेअकराच्या सुमाराला प्रेशर चढायला वेळ लागू लागतो, सायकल टाइम १८ सेकंदांवरून २६ वर जातो. जेवणाच्या सुट्टीनंतर थोडा वेळ पुन्हा ठीक.

बाकीची माहिती तुमच्या हातातल्या दुसऱ्या कागदावर, आणि ती विचारल्यावरच द्यायची. टाकीतली तेलाची पातळी बरोबर आहे. तेल व्हीजी ६८ (घट्टपणाचा नंबर). तेलाचं तापमान आठ वाजता ४२ अंश, साडेअकराला ६७. पंप आठ महिन्यांपूर्वी बदललेला. रिलीफ व्हॉल्व्हचं सेटिंग हललेलं नाही. ऑइल कूलरला बोअरचं पाणी, त्याचा प्रवाह नीट आहे. पाणी २९ अंशांनी आत जातं आणि ३० अंशांनी बाहेर येतं.

चांगला माणूस जेवणाच्या सुट्टीवर अडकतो. थांबल्यावर बरी होते म्हणजे तापण्याशी संबंध आहे, म्हणून तो तापमान मागतो. ६७ ऐकल्यावर तेल पातळ होऊन पंपात आणि व्हॉल्व्हमध्ये आतल्या आत गळती वाढत असणार हे त्याच्या लक्षात येतं. मग कूलरकडे वळतो. पाणी भरपूर वाहतंय आणि तापतंय जेमतेम एक अंश, म्हणजे तेलाची उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नाही. बोअरच्या जड पाण्याचे क्षार कूलरच्या नळ्यांत साचलेत. डीस्केलिंग केलं, म्हणजे ते क्षार काढले, की प्रश्न मिटतो, आणि पाण्याची व्यवस्था केली नाही तर काही महिन्यांनी परत येतो.

उत्तर सापडलंच पाहिजे असं नाही. गुण असे द्या: काय विचारलं आणि कोणत्या क्रमाने, नवीन आकडा मिळाल्यावर आधीचा अंदाज सोडला का, आणि कुठलाही पाइप ढिला करण्याआधी मेन बंद करून टॅग लावणं, रॅमखाली (प्रेसच्या वरखाली होणाऱ्या भागाखाली) ठोकळा देणं, अ‍ॅक्युम्युलेटरमधलं (दाबाखालचं तेल साठवणाऱ्या टाकीतलं) प्रेशर सोडणं हे आपणहून आलं का. शेवटचं आपणहून आलं नाही तर एकदा विचारा. विचारूनही आलं नाही तर बाकी कितीही हुशारी दिसली तरी थांबा.

तुमचं वागणं इथे परीक्षकासारखं नको, शिफ्टमधल्या सोबत्यासारखं हवं. तो अडला तर "ऑपरेटरला काही विचारूया का?" असं म्हणा. मुद्दाम खोटी दिशा दाखवून सापळा लावू नका. पण तुमच्याकडे त्या वेळी आधी भलतंच वाटलं असेल तर ते खरंखुरं सांगा: "आम्हाला पंपच गेला असं वाटलं होतं, दुसरा मागवायला निघालो होतो." यावर तो काय म्हणतो ते ऐका. "हो सर, पंपच असेल" म्हणून मान डोलावणारा माणूस रात्री दोन वाजता तुमच्या चुकीच्या सांगण्यावरूनही मशीन खोलेल. "पंप असता तर सकाळीही थोडा फरक दिसला असता ना, सर?" असं विचारणारा तुमचे पैसे वाचवेल. त्यालाही यातून कळतं की इथे साहेबाला उलटा प्रश्न विचारला तर साहेबाचा चेहरा कसा होतो.

दुसऱ्या पदांना हीच रीत लावता येते. अकाउंट्सच्या जागेला खरेदीच्या दहा नोंदी आणि त्याच महिन्याचं जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणारं विवरण) समोर ठेवा, त्यातल्या तीन नोंदी न जुळणाऱ्या: एकात बिल नंबर चुकलेला, एक पुरवठादाराने भरलीच नाही, एक पुढच्या महिन्यात गेलेली. मिळून जुळवा, आणि पुरवठादाराला फोनवर काय सांगणार ते विचारा. सॉफ्टवेअरच्या जागेला फळ्यावरची कोडी नकोत. तुमच्या जुन्या कोडमधला सुटलेला एक छोटा बग एकाच स्क्रीनवर दोघांनी बघा.

मुलाखत ऑनलाइन असेल तर पहिला कागद स्क्रीनवर ठेवा, दोन्हीकडचे कॅमेरे चालू ठेवा, आणि नेट गेलं तर कोण कुणाला फोन करणार ते सुरुवातीलाच ठरवा. फ्लोअरची फेरी मात्र ऑनलाइन होत नाही. ऑफर देण्याआधी त्याला एकदा बोलवाच.

आता त्याचे प्रश्न

पंधरा मिनिटं राखून ठेवलेली असतात, पण "विचारा" म्हटल्यावर लगेच कोणी विचारत नाही. दोन गोष्टींनी फरक पडतो.

एक, विषयांची चिठ्ठी. कामाचे तास, रात्रीचे फोन, स्पेअरची मंजुरी, पगाराची फोड, प्रशिक्षण, आधीचा माणूस, वरिष्ठांची पद्धत असे सात-आठ विषय एका कागदावर लिहून त्याच्यापुढे ठेवा आणि म्हणा, "यातले कुठलेही तीन निवडा." विषय कंपनीनेच लिहिलेला असल्याने तो काढण्याचा संकोच राहत नाही. निवडल्यावर तो शब्द जुळवत असताना दहा सेकंद गप्प बसा. तुम्ही बोलायला लागलात की तो थांबतो.

दोन, बरोबरीच्या माणसासोबत चहा. पॅनेलने बाहेर जायचं आणि त्याच पदावरच्या किंवा सीनियर टेक्निशियनसोबत त्याला पंधरा मिनिटं फ्लोअरवर फिरू द्यायचं. या माणसाला नंतर "कसा वाटला?" असं विचारायचं नाही, आणि विचारणार नाही हे उमेदवारासमोर सांगायचं. इथे जे बोललं जातं ते कुठल्याही पॅनेलसमोर बोललं जात नाही. आपल्या माणसाने काही वाईट सांगितलं तर, असं मनात येत असेल तर दुरुस्ती मुलाखतीत नको, कारखान्यात हवी.

त्याच्या प्रश्नांना गुण देऊ नका. भरतीवाले बरेच जण देतात: चांगला प्रश्न विचारला म्हणजे हुशार, सुट्टीचं विचारलं म्हणजे आळशी. गुण लागले की प्रश्नही पाठ करून आणले जातात, आणि ज्याच्या घरी म्हातारी आई आहे तो रात्रपाळीचं विचारायचं सोडून कंपनीच्या पाच वर्षांच्या व्हिजनबद्दल विचारतो.

काही गोष्टी विचारल्याशिवायच हातात द्याव्यात. रजा, प्रसूती रजा, पीएफ, वैद्यकीय विमा आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीच्या अंतर्गत समितीचे सदस्य, हे सगळं असलेलं पत्रक प्रत्येक उमेदवाराला, पुरुषालाही, निघताना द्या. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी ही समिती २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि प्रसूती रजा २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे झाली आहे. एखादीला हे मुलाखतीत विचारावं लागलं, तर समोरचा लगेच काय हिशेब करतो हे तिला माहीत असतं.

पगार कागदावर मांडा. "सहा लाखांचं पॅकेज" ऐकून घरी जाणारा माणूस मनात पन्नास हजार धरतो. मूळ पगार २५,००० असेल, आणि कंपनीचा १२ टक्के पीएफ, म्हणजे ३,००० रुपये, आणि ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के, म्हणजे सुमारे १,२०३ रुपये, सीटीसीतच (कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चाच्या आकड्यातच) धरले असतील, तर स्लिपवरचा एकूण पगार ४५,७९७ होतो. त्यातून त्याचा स्वतःचा पीएफ ३,००० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात ४२,५९७. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३००. पीएफ दोन्ही बाजूंनी १,८०० वरच थांबवला तर हातात येतात ४४,९९७. कंपनी यातलं काय करते ते सांगा. त्यात व्हेरिएबल (कामगिरीवर कमी-जास्त होणारा भाग) असेल तर मागच्या वर्षी या विभागात तो प्रत्यक्षात किती टक्के मिळाला तेही सांगा. ग्रॅच्युइटी कायम नोकरीत साधारण पाच वर्षं पूर्ण झाल्यावर मिळते, हे फ्रेशरला बहुधा ठाऊक नसतं.

तुम्ही उमेदवार असाल तर

वरचं काहीच न करणाऱ्या कंपनीत जायची वेळ जास्त येईल, तेव्हा प्रश्न आपले आपण न्या, वहीत लिहून, आणि वही उघडून विचारा. लिहून आणलेल्या प्रश्नाचं कुणाला वाईट वाटत नाही.

ज्याला आकड्यात उत्तर द्यावं लागेल असं विचारा. "वर्क-लाइफ बॅलन्स कसा आहे?" याला सगळीकडे "चांगला" असंच उत्तर मिळतं. "मागच्या महिन्यात रात्री मेंटेनन्सला किती फोन गेले?" याला आकडा द्यावा लागतो. तसंच: माझ्या आधीचा माणूस किती दिवस होता? इंजिनिअर स्वतःच्या सहीने किती रुपयांपर्यंतचा स्पेअर मागवू शकतो, आणि त्याहून मोठ्या रकमेचा इंडेंट (खरेदीची मागणी) मंजूर व्हायला किती दिवस लागतात? पीएम शेड्यूलप्रमाणे (बिघाड होण्याआधीच्या ठरलेल्या देखभालीसाठी) मशीन मिळते का, की प्रॉडक्शन सोडत नाही? हा शेवटचा प्रश्न पॅनेलवरच्या प्रॉडक्शनवाल्याकडे बघून विचारा. दोघे एकमेकांकडे पाहून हसले तर उत्तर मिळालं.

उत्तर टाळलं गेलं तर एकदाच, नम्रपणे पुन्हा विचारा: "साधारण आकडा चालेल, सर." दुसऱ्यांदाही टाळलं तर वहीत लिहून ठेवा आणि पुढे चला. बाँड असेल तर रक्कम, मुदत आणि प्रत मागा. मूळ प्रमाणपत्रं कुणाकडेही ठेवायला देऊ नका. नोकरीसाठी कुणी पैसे मागितले तर तिथेच उठा. नोटीस पिरियड सध्याच्या कंपनीत ९० दिवसांचा असेल तर आधीच सांगा. इथला किती हेही विचारा, कारण पुढच्या वेळी तोच आडवा येतो.

नंतरचे दोन आठवडे

उमेदवार गेल्यावर पॅनेलमधल्या दोघांनी आधी आपापले गुण लिहायचे, प्रत्येक गुणापुढे तो काय बोलला त्याची एक ओळ, आणि मगच बोलायचं. आधी बोललं की मोठ्या साहेबाचे गुण ते सगळ्यांचे गुण होतात. "अ‍ॅटिट्यूड चांगला" अशी ओळ चालणार नाही. "प्रेशर सोडायचं आपणहून म्हणाला" ही चालेल.

निघताना उमेदवाराला "कळवू" एवढंच सांगू नका. तारीख आणि फोन नंबर द्या: "पुढच्या बुधवारपर्यंत होय किंवा नाही, दोन्हींपैकी जे असेल ते कळवतो. आणि तुम्हालाच इथे यावंसं वाटलं नाही तर या नंबरवर तसा मेसेज टाका, कारण नाही सांगितलं तरी चालेल." बुधवारपर्यंत ठरलं नाही तर बुधवारी तेवढंच कळवा.

नकार असा: "प्रेसच्या बिघाडात तुम्ही तापमान लवकर विचारलंत, ते चांगलं होतं. आम्हाला पीएलसीवर (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरवर) स्वतः काम केलेला माणूस हवा होता, त्यामुळे या वेळी दुसऱ्यांची निवड केली आहे." दोन वाक्यं, दोन्ही कामाविषयी. कारण खरं असू द्या. "प्रोफाइल होल्डवर आहे" असं सांगितलं की तो बिचारा महिनाभर वाट बघतो.

होकार दिलेल्याची नोटीस साठ-नव्वद दिवसांची असते आणि त्या काळात त्याला इतर ऑफर येत राहतात. दर पंधरा दिवसांनी त्याच्या होणाऱ्या मॅनेजरने स्वतः एक फोन करावा, एचआरने नव्हे, आणि "येताय ना?" एवढंच विचारायला तर नकोच. नवीन मशीन कधी येतेय, पहिल्या आठवड्यात कुठली शिफ्ट, बस कुठे थांबते, असं बोलावं. मुलाखतीत जे सांगितलं होतं त्यातलं काही बदललं असेल, म्हणजे शिफ्ट, जागा किंवा वरिष्ठ, तर ते त्याच दिवशी कळवावं. रुजू होण्याआधी कळलं तर तो विचार करू शकतो. पहिल्या दिवशी गेटवर कळलं तर दुसरी ऑफर त्याच्या खिशात असतेच.